चार रविवार आणि एक वही: मंडळीतल्या आपल्या सहभागाची तपासणी

नऊ वर्षं मी एका मंडळीचा, म्हणजे एका चर्चच्या सभासद-समूहाचा, खजिनदार होतो. दर रविवारी उपासना संपली की दानाच्या थैल्या उपड्या करायच्या, चुरगळलेल्या नोटा सरळ करायच्या, दोघांच्या सह्या घ्यायच्या. घरी पोचेपर्यंत अडीच वाजायचे आणि मुलं जेवून झोपलेली असायची. एकदा धाकटीने विचारलं, "पप्पा, आपल्याकडे रविवारी सुट्टी का नसते?" मी तिला विसाव्याच्या दिवसाची आज्ञा पाच मिनिटं समजावून सांगितली. त्यातला विनोद मला कळायला पुढची तीन वर्षं, वाढलेला रक्तदाब आणि एक मोठं भांडण लागलं.

हा लेख चर्च सोडा असं सांगत नाही, चिकटून राहा असंही सांगत नाही. आपण मंडळीत जे करतो, देतो, ऐकतो आणि सोसतो, ते आपल्याला माणूस म्हणून आणि विश्वासणारा म्हणून धडधाकट ठेवतंय की आतून पोखरतंय, हे एका महिन्यात कसं तपासायचं, एवढंच यात आहे. मी प्रोटेस्टंट घरातला, त्यामुळे शब्द तिथले येतील. पण वसईच्या कॅथलिक धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) माणसालाही आणि एखाद्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र फेलोशिपमधल्या माणसालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

एक अडचण आधीच सांगतो. 'वाईट चर्च' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जोन्सटाऊन येतं. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानाच्या जंगलात जिम जोन्सचे नऊशेहून जास्त अनुयायी मेले. किंवा केनियातलं शाकाहोला: उपवास करून येशूला भेटा म्हणणाऱ्या उपदेशकाच्या मागे गेलेल्या चारशेहून अधिक माणसांचे मृतदेह २०२३ पासून तिथल्या रानातून उकरून काढले गेले. मग आपण आपल्या मंडळीकडे बघतो, तिथे संडे स्कूल आहे, नाताळचा केक आहे, पाळकसाहेब (पास्टर) लग्नकार्याला येतात, आणि म्हणतो, "आमचं तसं काही नाही बुवा." तसं नसतंच. बहुतेक ठिकाणी दुखणं साधं आणि जुनाट असतं, म्हणून तर ते वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं.

आधी वही

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाईलमध्ये नको, तो घरातलं कोणीही चाळतं. महिना साधा निवडा. डिसेंबरमध्ये कॅरल राउंड आणि नाटकाच्या तालमी, ईस्टरआधीच्या लेंतच्या, म्हणजे उपवासकाळाच्या, दिवसांत संध्याकाळच्या सभा, त्यामुळे तेव्हा सगळ्यांचंच घर विस्कटलेलं असतं. जुलै-ऑगस्ट चांगला.

रोज तीनच गोष्टी लिहायच्या: मंडळीसाठी किती वेळ गेला, किती पैसे गेले आणि त्यानंतर घरी आल्यावर कसं वाटलं. कारणमीमांसा नको, स्वतःला दोष नको, बायबलची वचनं तर मुळीच नकोत. "कॉटेज मीटिंग (कोणाच्या तरी घरची प्रार्थनासभा), ७ ते ९.४५, शंभर रुपये, चिडचिड." एवढं पुरे. नवरा किंवा बायकोही ख्रिस्ती विश्वासातली असेल तर तिने स्वतःची वेगळी वही ठेवावी आणि महिना संपेपर्यंत एकमेकांची बघू नये. आमच्या घरी दोन वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा दोघं एकाच मंडळीत जात होतो यावर विश्वास बसेना.

वेळ, आणि शरीर काय सांगतं

वेळ मोजताना लोक फक्त उपासनेचे दोन तास धरतात. त्यात शनिवारी रात्रीची गाण्यांची तालीम, मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे फॉरवर्ड आणि वाद, कमिटीच्या बैठका, कन्व्हेन्शनच्या पाहुण्यांसाठी लाटलेल्या चपात्या, हे सगळं धरा. बायकांनी भांडी घासण्याचा वेळही लिहावा. महिला मंडळाच्या कामाला 'सेवा' म्हणून त्याचं मोजमापच करायचं नाही, ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे.

दमणं वाईट नाही. कापणीच्या सणाला लिलावाची पोती उचलून कंबर धरते, पण त्या रात्री झोप गाढ लागते. दुसरा थकवा वेगळा असतो. शनिवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. सेक्रेटरींचं नाव फोनवर झळकलं की छाती धडधडते. रविवारी घरी आल्यावर विनाकारण पोरांवर ओरडणं होतं. वहीत चारपैकी तीन रविवारी असं काही आलं, तर त्या पानावर खूण करा.

बायबलमधल्या निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून लोकांचे तंटे सोडवत असतो. त्याचा सासरा इथ्रो येतो, बघतो आणि सरळ सांगतो की तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील; माणसं निवड, काम वाटून दे. मोशे ऐकतो. माझ्या माहितीतल्या किती कमिट्यांनी असं कोणा सासऱ्याचं ऐकलं असतं, कोण जाणे.

वेळेची खरी परीक्षा मात्र आजारपणात होते. मागे कधी सलग तीन रविवार गैरहजर राहिला असाल तर आठवा, पहिला फोन कोणाचा आला आणि पहिलं वाक्य काय होतं? "बरं नाही का?" की "पुढच्या रविवारी पेटी कोण वाजवणार?"

पैसा

इथे मी सावकाश जाणार आहे, कारण हा माझा प्रांत. पैशाबद्दल तीन गोष्टी बघायच्या: मागतात कसा, मोजतात कसा, सांगतात कसा.

मागण्यापासून सुरुवात करू. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, द्यावा की नाही यावर विश्वासणाऱ्यांत मतभेद आहेत, ते असू द्या. पण बायबलमधलं मलाखीचं वचन वाचून "जो देत नाही तो देवाला लुटतो" असं महिन्यातून दोनदा ऐकवलं जात असेल, कोणी किती दिलं याची यादी मोठ्याने वाचली जात असेल, किंवा "बीज पेरा, शंभरपट घ्या" म्हणून आजारी माणसाच्या खाटेपाशी पाकीट पुढे केलं जात असेल, तर ते मागणं राहिलं नाही, वसुली झाली. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखाने किंवा भाग पाडल्यामुळे नव्हे.

आता मोजणं. त्याच पत्रात, आठव्या अध्यायात, यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेली मोठी रक्कम नेताना पौल आपल्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतो. कारणही सांगतो: कोणी दोष लावू नये म्हणून, आणि जे योग्य ते देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही दिसावं म्हणून. इतकी साधी गोष्ट आहे. दान त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजावं. वहीत आकडा, त्यावर दोन सह्या, सोमवारी बँकेत भरणा. आता बरंचसं दान मोबाईलवरून जातं, म्हणून एक सोपी चाचणी: भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन केलात की नाव कोणाचं येतं? मंडळीचं, ट्रस्टचं, की पाळकांचं किंवा पाळकबाईंचं?

मग सांगणं. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या धार्मिक ट्रस्टला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं ही त्यात विश्वस्तांची जबाबदारी आहे, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ट्रस्टची नोंद असते. मोठ्या संप्रदायांत ट्रस्ट स्थानिक मंडळीचा नसून धर्मप्रांताच्या (डायोसिसच्या) पातळीवर असू शकतो, तेव्हा आधी "आपली मंडळी कोणत्या ट्रस्टखाली येते?" हे विचारा. आपण देतो त्या पैशाबद्दल एवढं तरी माहीत असायलाच हवं.

विचारायचं कसं? चारचौघांत नको, भांडणाच्या सुरात नको. खजिनदारांना बाजूला घेऊन म्हणा, "मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला हिशेब मला वाचायला मिळेल का?" चांगलं उत्तर असतं, "या ना, शनिवारी बसू." बरं उत्तर असतं, "वार्षिक सभेत वाचून दाखवला होता, प्रत शोधून देतो." वाईट उत्तरं मला पाठ आहेत, कारण त्यातलं एक मीच दिलं होतं. एका म्हाताऱ्या निवृत्त शिक्षकांनी इमारत निधीबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही किती दिलेत ते आधी सांगा." आकडे चोख होते, लपवायचं काही नव्हतं. तरी मला विचारणं हाच अपमान वाटला. ते परत कधी बोलले नाहीत. मंडळी बिघडते ती अशीही बिघडते, चोरी न करता.

स्वतःपुरता एक नियम आजपासूनच पाळायला हरकत नाही. कर्ज काढून, जोडीदारापासून लपवून, मुलांची फी किंवा आईबापांचं औषध अडवून दिलेलं दान थांबवा. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिलं अशी पळवाट काढणाऱ्यांवर येशू कसा कडाडला, ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे.

एकदा 'नाही' म्हणून बघा

महिन्यातली सगळ्यात महत्त्वाची चाचणी हीच. बाकी सगळं गाळलंत तरी ही गाळू नका.

तिसऱ्या आठवड्यात एखादं छोटं काम निवडा. कोणाचं अडणार नाही असं: कॉटेज मीटिंग आपल्या घरी घेणं, पाहुण्या वक्त्याला स्टेशनवरून आणणं, एखादी वर्गणी. आणि म्हणा, "या वेळी मला जमणार नाही." कारण देऊ नका. खोटं कारण तर नकोच. आपल्याला कारण जोडायची इतकी सवय असते की हे वाक्य तिथेच संपवणं जड जातं. सासू आजारी, ऑफिसात ऑडिट, काहीतरी जिभेवर येतंच. ते आलं तर तेही वहीत लिहा. कारणाशिवाय नकार देता येत नाही, म्हणजे कुठेतरी भीती आहे.

मग तीन वेळा बघा. त्याच क्षणी समोरच्याचा चेहरा. दोन-तीन दिवसांनी, आणखी कोणाकोणाला कळलं. आणि पुढच्या रविवारी व्यासपीठावरून काय येतं. मी खजिनदारपद सोडतो म्हटलं त्यानंतरचे तीन रविवार उपदेशात 'नांगराला हात घालून मागे पाहणारा' येत राहिला; असा माणूस देवाच्या राज्याला योग्य नाही, हे येशूचं वचन. नाव घेतलं नाही, पण शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा माझ्याकडे वळून बघत होती. निरोगी ठिकाणी याचं उत्तर फार कंटाळवाणं असतं: "बरं, दुसऱ्या कोणाला विचारतो."

नकाराला किंवा प्रश्नाला उत्तर म्हणून एक वचन हमखास काढलं जातं: "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." ते एकशे पाचव्या स्तोत्रात आहे. तिथे हे अभिषिक्त कोण आहेत ते वाचा. अब्राहाम, इसहाक, याकोब: मूठभर माणसं, परक्या मुलखात भटकणारी, सत्ता नसलेली. आणि ताकीद कोणाला आहे? राजांना. दुबळ्याला राजापासून वाचवणारं वचन मंडळीतल्या बलवान माणसाची ढाल कसं झालं, हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे. दावीदाने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही हे खरं, पण गुहेबाहेर येऊन त्याला मोठ्याने जाब विचारलाच. नाथान संदेष्ट्याने पुढे राजा झालेल्या दावीदालाच त्याचं पाप तोंडावर सांगितलं. पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांसमोर अडवलं आणि ते गलतीकरांच्या पत्रात लिहूनही ठेवलं.

आपल्या घरातलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि थोड्याच दिवसांत आपल्याला आधार देणाऱ्या सिस्टर जेराल्डिन आणि पाद्री मंडळींशी त्यांचा पत्रव्यवहारातून वाद सुरू झाला. मोठ्या कष्टाने मी भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवली, आता धर्मगुरूंकडून येईल ते सगळं देवाची आज्ञा मानून तसलंच दुसरं जोखड घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. त्या परक्या देशात होत्या, राहण्या-शिकण्यासाठी त्याच लोकांवर अवलंबून होत्या. तरी लिहिलं. पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं ते याच बाईने.

व्यासपीठावरून काय येतं

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावच्या लोकांचं कौतुक आहे, कारण साक्षात पौल बोलत असताना ते रोज शास्त्र उघडून खरं-खोटं बघत होते. चारही रविवार तेवढंच करा. संदेशाचा उतारा लिहून घ्या, घरी त्याच्या आधीचं आणि नंतरचं एकेक पान वाचा. ओढूनताणून लावलेला अर्थ एखाद्या वेळी कोणाकडूनही होतो. चारही वेळा अर्थ फिरून 'पाळकांचं ऐका' इथेच येत असेल तर गोष्ट वेगळी.

उत्तम वक्तृत्व हा मात्र कसलाच पुरावा नाही. चेन्नईत जन्मलेले रवी झकरायस जगभर ख्रिस्ती विश्वासाच्या बाजूने बोलत आणि ऐकणारा भारावून जाई. २०२० मध्ये ते वारले, आणि त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा त्यांचं अनेक स्त्रियांशी लैंगिक गैरवर्तन उघड झालं. संस्थेतल्यांनीसुद्धा आधीच्या तक्रारींवर विश्वास ठेवला नव्हता.

'प्रभूने मला दाखवलं' या वाक्यापाशी थबका. "प्रभूने दाखवलं, तू या मुलाशी लग्न कर", "प्रभूने दाखवलं, पुण्याची नोकरी सोड." असं कोणी म्हणालं तर एवढंच म्हणा, "मला दाखवलं की सांगतो." त्यावर राग आला, तर दाखवणारा कोण होता ते कळतं.

आणि प्रार्थनेचे विषय. अमक्याच्या मुलीचं जरा बघा हं, प्रार्थनेत ठेवा. गावगप्पांना इतकं सोवळं दुसरीकडे कुठे नेसवलं जात नाही. कॅथलिक पंथात पापनिवेदनात ऐकलेलं फादरने फोडणं हा तिथल्या कायद्यानेच फार गंभीर अपराध आहे. आपल्या सेल ग्रुपमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागटात, रडत सांगितलेलं मात्र सकाळपर्यंत तीन घरांत पोचतं. तुम्ही सांगितलेली एखादी खाजगी गोष्ट तुम्हालाच परत ऐकू आली का, ते वहीत नोंदवा. ऐकू आली असेल तर पुढचं आपलं सांगणं मंडळीबाहेरच्या एखाद्या जुन्या मित्राला.

मंडळीबाहेरची माणसं

वहीच्या शेवटच्या पानावर दहा नावं लिहा: रात्री दोन वाजता दवाखान्यात जायची वेळ आली तर ज्यांना फोन कराल अशी. त्यातली मंडळीबाहेरची किती? पाच वर्षांपूर्वी किती असती?

ज्यांच्या घरात ख्रिस्ती विश्वास पहिल्यांदाच आला आहे त्यांच्यासाठी हा प्रश्न फार नाजूक आहे. प्रसाद खायचा की नाही, आरतीला उभं राहायचं की बाहेर थांबायचं, हा ज्याच्या-त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे आणि त्यात मी पडत नाही. पण चुलत्याच्या दहाव्याला गेलात म्हणून मंडळीत कबुली द्यावी लागत असेल, मामेबहिणीच्या लग्नाचं जेवण टाळायला सांगितलं जात असेल, आजारी आईला भेटायला जाण्याआधी परवानगी लागत असेल, तर ते पावित्र्य नाही. ती कोंडी आहे. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढलेलं खा, असं पौलच करिंथकरांना सांगतो.

नाती तुटण्याची किंमत आपल्या समाजाने मोजलेली आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं त्या घराने काय सोसलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. पण शेवटी टिळक दांपत्य एकत्र आलं. मंडळी नाती सांधायला मदत करते की तुटलेल्या नात्यांवर "धन्य, तुमचा छळ झाला" म्हणून टाळ्या वाजवते, ते बघा.

औषध

थोडक्यात. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी, हात ठेवून करावी, रात्रभर करावी. पण इन्सुलिन, क्षयाची औषधं किंवा मानसोपचाराच्या गोळ्या 'विश्वासाने' बंद करायला सांगणाऱ्याचं ऐकू नये. लूक वैद्य होता. मिरजेत डॉ. वॉनलेसांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं ते प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. भूत काढतो म्हणून माणसाला मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग मारणाऱ्याच्या हातात क्रूस का असेना. मन खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

मुलं आणि स्त्रिया: इथे महिनाभर थांबायचं नाही

वही, चार रविवार, शांतपणे निरीक्षण हे सगळं इथे गैरलागू. मुलाच्या बाबतीत लैंगिक छळाची शंका आली तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. हे बंधन पालकांवर, संडे स्कूलच्या टीचरवर, पाळकांवर, सगळ्यांवर आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. 'आधी कमिटीत बोलू', 'मंडळीची बदनामी होईल', 'मत्तय अठराप्रमाणे आधी एकांतात समजावू' यातलं काही चालत नाही. भावाने अपराध केला तर त्याला एकांतात सांग हे वचन दोन बरोबरीच्या माणसांतल्या तंट्याचं आहे, लेकराला छळणाऱ्याला सावध करण्याचं नाही. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१, तातडीला ११२. कॅथलिक वाचकांसाठी आणखी एक: पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशाने अशा तक्रारी घेणारी यंत्रणा प्रत्येक धर्मप्रांतात असणं सक्तीचं झालं. बिशप हाऊसमध्ये विचारा. पण पोलिसांऐवजी नव्हे, पोलिसांना कळवून त्याच्या जोडीला.

नवरा मारतो म्हणून पाळकांकडे गेलेल्या बाईला "अधीन राहा, प्रार्थना करा" असं सांगून परत पाठवणारी मंडळी इतर सगळ्या चाचण्यांत पास झाली तरी नापासच.

आता आरसा

इथवर आपण मंडळीला तपासलं. पण बिघाड आपल्यातही असतो, आणि हे पान लिहिताना माझा हात सगळ्यात जास्त अडखळला.

पद नसतं तर मी याच ओढीने गेलो असतो का? घरात बायकोशी बोलायचं टाळायला मी कमिटीच्या बैठका लांबवत होतो का? गैरहजर माणसाला मी फोन करतो तेव्हा विचारपूस असते की हजेरी? पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, निवडणुकीत पॅनल ठरवताना मी आडनावं आणि गावं बघितली का? ख्रिस्तात जात नाही असं आपण मोठ्याने गातो आणि सोयरीक जुळवताना हळूच विचारतो, "मूळचे कुठले?" नव्या पाळकांची बदली व्हावी म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांत मी होतो का, आणि खरं कारण काय होतं? त्या शिक्षकांना मी जे बोललो त्याला 'व्यवस्थेचा दोष' म्हणता येणार नाही. ते मी बोललो.

कॅथलिकांना याची जुनी शिस्त आहे. इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली दिवसाअखेरची विवेकतपासणी: दिवस आठवायचा, कशासाठी कृतज्ञ आहे ते बघायचं, कुठे घसरलो ते बघायचं, उद्याचं मागायचं. दहा मिनिटं लागतात. प्रोटेस्टंटांनी उसनी घ्यायला हरकत नाही.

वही वाचताना

महिना संपला की दोन दिवस वही मिटून ठेवा. मग एका बैठकीत वाचा. गुण देऊ नका, कारण दहापैकी आठ गोष्टी उत्तम असून नववी मुलांच्या सुरक्षिततेची असेल तर आठांना अर्थ नाही. जे दिसलं त्याचे तीन ढीग करा: मी स्वतः बदलू शकतो असं, बोलून बदलू शकतं असं, आणि बदलणार नाही असं.

पहिल्या ढिगातलं उद्यापासून. एखादं पद सोडा, आठवड्यातली एक संध्याकाळ घराची म्हणून राखून ठेवा, व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूट करा.

दुसऱ्यासाठी पाळकांची वेळ घ्या. एकच विषय न्या, तारखेसह कागदावर लिहून न्या, आणि काय व्हावं असं वाटतं ते सांगा. "सगळंच बिघडलंय" या वाक्याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. "इमारत निधीचा हिशेब पुढच्या सभेत मांडावा" याला देऊ शकतं. उत्तरासाठी दोन महिने द्या. पाळकांचीही बाजू असते. बऱ्याच ठिकाणी त्यांचा पगार वेळेवर होत नाही आणि त्यांना 'नाही' म्हणायची सोय तर तुमच्याहूनही कमी असते. दोन महिन्यांत काही हललं नाही तर वरच्या पातळीवर, म्हणजे धर्मप्रांताकडे किंवा विश्वस्तांकडे लेखी जा. स्वतंत्र फेलोशिपमध्ये वर कोणीच नसतं. पाळक कोणाला उत्तर देतात या प्रश्नाला "फक्त प्रभूला" असं उत्तर मिळालं, तर ते तिसऱ्या ढिगात टाका.

जायचं ठरलं तर

आपल्याकडे चर्च सोडणं म्हणजे रविवारची जागा बदलणं एवढंच नसतं. लग्नाची नोंद, मुलांचे दाखले, आजोबांची कबर, सगळं तिथे असतं. म्हणून निरोप घेण्याआधी कागद. घरातल्या सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे आणि दृढीकरणाचे दाखले, विवाहनोंदीची प्रमाणित प्रत, सभासदत्वाचं किंवा बदलीचं पत्र. संबंध बरे असतानाच मागा. दफनभूमी कोणाच्या ताब्यात आहे आणि सभासद नसलेल्यांसाठी नियम काय, तेही आत्ताच विचारून ठेवा. मयताच्या दिवशी हा वाद कोणालाच परवडत नाही.

पद असेल तर कार्यभार लेखी द्या: किल्ल्या, पावतीपुस्तकं, मिनिट बुक. बँकेतून आपली सही काढून घ्यायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि आठ महिन्यांनी एका चेकबद्दल मला फोन आला.

ग्रुपवर लांबलचक निरोप लिहू नका. मुलांना मात्र नीट सांगा, कारण त्यांचे मित्र तिथे राहणार आहेत. त्यांना नाताळच्या नाटकाला जायचं असेल तर जाऊ द्या.

"विश्वास सोडला" असं कोणीतरी म्हणेलच. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. दोन वर्षांनी ते वारले, आणि त्यांची भजनं मराठी मंडळ्या आजही गातात.

नव्या ठिकाणी सहा महिने फक्त शेवटच्या बाकावर बसा. पद नको, वर्गणीची यादी नको, गाण्याच्या गटात नाव नको. मी दुसऱ्याच रविवारी चहा घेताना बोलून गेलो की मी बँकेत आहे. सेक्रेटरींचे डोळे चमकले. "अरे वा, आमचे खजिनदार यंदा सोडतायत!"

"मला जमणार नाही," मी म्हणालो. कारण जिभेवर आलं होतं, गिळलं.

"बरं," ते म्हणाले, आणि बिस्किटांची ताटली पुढे केली. पुढच्या रविवारी उपदेश बारा हेरांवर होता. नांगर आला नाही.